दहा मिनिटांत आवडलेला हेडफोन तासाभरानं नकोसा का होतो: एक प्रकरण अभ्यास

वायर नको, कानात काही खुपसायचं नको आणि खिशाला परवडला पाहिजे. वहिनींच्या अटी एवढ्याच होत्या. त्यांचं काम बहुतेक घरूनच चालतं. दिवसातले दोन-तीन तास लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये जातात, अधूनमधून बसनं ऑफिस गाठावं लागतं, आणि संध्याकाळी हातातलं काम उरकताना गाणी नाहीतर एखादं श्राव्य पुस्तक चालू असतं. चष्मा सकाळी उठल्यापासून डोळ्यांवर. इअरबड्स वापरून झाले होते. कानात सतत खाज यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी कानाच्या नळीत काही घालू नका असं सांगितलं. अख्खा कान झाकणारे मोठे हेडफोन दादाकडे आहेत, पण ते वहिनींना जड होतात आणि थोड्या वेळात कान तापतात. मग राहिला मधला प्रकार, कानावर नुसते टेकणारे ऑन-इअर हेडफोन.

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात असल्यामुळे हे माझ्याकडे आलं. "भावोजी, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही फक्त नाव सांगा," असं त्या म्हणाल्या. नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण ऑन-इअर हेडफोन दुसऱ्याच्या कानांच्या भरवशावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. इअरबड्स कानात बसतात आणि मोठे हेडफोन कानाभोवती, त्यामुळे त्यांचं बसणं माणसागणिक तितकंसं बदलत नाही. ऑन-इअर मात्र थेट कानाच्या उंचसखल कूर्चेवर टेकतो. कान किती बाहेर आलेले आहेत, डोकं किती रुंद आहे, केस कसे आहेत, चष्म्याची काडी किती जाड आहे, यावर त्याचा आवाजसुद्धा बदलतो. नुसता आराम बदलत नाही, आवाज बदलतो. म्हणून ओळखीपाळखीतून तीन हेडफोन उसने मिळवले आणि ते वहिनींच्याच डोक्यावर, त्यांच्याच दिनक्रमात तपासायचे असं ठरवलं.

तिन्हींची नावं इथं देत नाही. या वर्गातली मॉडेलं भराभर बदलतात आणि मला सांगायचं आहे ते नावापलीकडचं आहे. पहिला हलका, पकड सौम्य, रेक्झिनची मऊ चपटी कुशन, आवाज कमी-जास्त करायला मोबाईलवर ॲप. दुसरा थोडा जड, पकड घट्ट, खोक्यावर ठळक अक्षरांत बेसची जाहिरात. तिसरा जुन्या धाटणीचा, उघड्या फोमची कुशन, बॅटरी बेताची, पण हवी तेव्हा तार जोडायची सोय.

खोक्यावरच्या आकड्यांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, ३० मिलिमीटरचा की ४० चा, यावरून आवाज ओळखता येत नाही. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" हा स्वरांचा पट्टा तर जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वर-खाली होतो हे सोबत दिलेलं नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही. वजन मात्र पाहावं, कारण ते खरं असतं आणि मानेला कळतं. बॅटरीचे तासही पाहावेत. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच५२० वर कंपनी ५० तास सांगते, वजन १४७ ग्रॅम. जेबीएलच्या ट्यून ५२० बीटीवर ५७ तास. म्हणजे परवडणाऱ्या वर्गातही आता रोज चार्जिंगची कटकट उरलेली नाही. हे आकडे मध्यम आवाजावर मोजलेले असतात, मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याला तेवढे तास मिळत नाहीत.

पहिली दहा मिनिटं

ऐकायला तीन गोष्टी निवडल्या. ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं, तंबोरा-तबल्यासह एक विलंबित ख्याल, आणि भरगच्च वाद्यवृंदाचं एक चित्रपटगीत. बोलणं अशासाठी, की माणसाचा आवाज कसा असतो हे कुणालाही शिकवावं लागत नाही. नाकातून आल्यासारखा किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला की वहिनींच्या लगेच लक्षात येतं. तंबोऱ्याच्या जवारीत वरच्या स्वरांचा बारीक झणकार असतो, तो हेडफोन गिळतो का ते कळतं. आणि डग्गा. मनगट दाबून काढलेली घुमक खालच्या स्वरांची खरी परीक्षा घेते.

हेडफोन बदलताना प्रत्येकाचा आवाज आधी बोलण्याच्या ध्वनिफितीवर सारखा करून घेतला. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दोन हेडफोनमधला एक किंचित मोठ्यानं वाजत असेल तर तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. तफावत एक डेसिबलच्या आसपास असली तरी हा भास होतो, आणि ब्लूटूथ हेडफोनमध्ये तर प्रत्येकाची आवाजाची पायरी वेगळी. एकाची साठ टक्के म्हणजे दुसऱ्याची पंचेचाळीस असू शकते. काटेकोर मोजमाप घरी होत नाही, पण बोलणारा माणूस तितक्याच अंतरावर बसल्यासारखा वाटेपर्यंत आवाज जुळवला तरी काम भागतं.

या दहा मिनिटांत दुसरा हेडफोन सरळ जिंकला. डग्गा भरून आला, चित्रपटगीतातलं ढोलक छातीत वाजलं. जवारी थोडी झाकली जात होती, पण वहिनींना ते खटकलं नाही आणि ते मला पूर्ण समजण्यासारखं आहे. ख्यालापेक्षा त्या भावगीतं आणि चित्रपटगीतं जास्त ऐकतात. पहिला त्यांना "स्वच्छ, पण पोकळ" वाटला. तिसरा मोकळा, हवेशीर, मात्र खोलीतला पंखा गाण्याइतकाच ऐकू येत होता. कुणीही इथंच थांबून दुसरा घेतला असता.

पहिला पोकळ का वाटला, याचा उलगडा व्हायला एक साधी गोष्ट पुरली. गाणं चालू असताना वहिनींना दोन्ही तळहातांनी कप हलकेच कानांवर दाबायला सांगितलं. बेस एकदम वर आला. मग चष्मा काढून, हात न लावता ऐकायला सांगितलं. तरी बेस बराचसा तसाच राहिला. चष्मा पुन्हा लावला आणि डग्ग्याची घुमक गेली, नुसती टकटक उरली.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कुशन कानावर नीट बसलं की ड्रायव्हरचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक छोटी बंद पोकळी तयार होते. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की त्या हवेवर दाब येतो आणि तोच आपल्याला ऐकू येतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं अर्धवट दाबून धरलं आणि दट्ट्या हळू ढकलला तर हवा फटीतून निसटते आणि दाब येतच नाही; झटक्यात ढकलला तर हवेला निसटायला वेळ मिळत नाही आणि बोटाला दाब जाणवतो. खालचे स्वर म्हणजे पडद्याची सावकाश हालचाल. काडीमुळे कुशनखाली बारीक फट राहिली तरी तेवढ्यातून बेस निघून जातो, आणि बोलणं किंवा झांज मात्र जशीच्या तशी ऐकू येते. म्हणून हेडफोन बिघडलेला वाटत नाही, "पोकळ" वाटतो.

दुसऱ्याचं यश याच फटीत दडलेलं होतं. त्याची पकड इतकी घट्ट होती की काडीसकट कुशन दाबून फट बुजत होती. तिसऱ्याचं उलट. उघड्या फोममधून हवा सगळीकडून जातच असते आणि त्याचा आवाज ती गळती धरूनच जुळवलेला असतो, त्यामुळे चष्मा असला काय नि नसला काय, त्याच्या बेसमध्ये जाणवण्याजोगा फरक पडला नाही. ही युक्ती जुनीच आहे. १९७९ मध्ये सोनीच्या पहिल्या वॉकमनबरोबर आलेला हलका हेडफोन फोमच्याच कुशनांचा होता. १९८४ पासून चालत आलेल्या कॉसच्या पोर्टा प्रो या हेडफोननं तर पकडीचा प्रश्नही ओळखला होता. कानाच्या वर, कानशिलापाशी टेकणारी छोटी पॅड देऊन त्यांनी थोडा भार कानावरून उतरवला. आजच्या वायरलेस ऑन-इअर हेडफोनमध्ये ही सोय क्वचितच दिसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिला तास

दुसरा हेडफोन वहिनींनी पुढच्याच मीटिंगला लावला. अर्ध्या तासानंतर त्या एकसारखा कप सरकवायला लागल्या. मीटिंग संपल्यावर कानाच्या वरच्या कडेला, काडी जिथून मागं वळते तिथं, लाल वळ उठला होता. दुखणं कुशनच्या कडकपणाचं नव्हतं. कानाची कूर्चा एका बाजूनं कुशन आणि दुसऱ्या बाजूनं काडी यांच्यामध्ये चिमटली जात होती. कूर्चेवर मांसल गादी नसते, तिथली कातडी पातळ असते, म्हणून थोडा दाबसुद्धा वेळ जाईल तसा बोचायला लागतो.

मालकाच्या परवानगीनं त्याची पकड सैल करून पाहिली. हेडबँडच्या आत पोलादी पट्टी असेल तर डोक्यापेक्षा थोड्या रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हेडफोन रात्रभर ताणून ठेवला की पकड सैलावते. निव्वळ प्लास्टिकचा हेडबँड असेल तर हे करू नये, तो मोडतो. याच्यात पट्टी होती, पकड सैल झाली, वळ उठायचा थांबला. आणि बेस गेला. सैल झालेला दुसरा हेडफोन चष्म्यावर जवळजवळ पहिल्यासारखाच पोकळ वाजायला लागला, वर जवारी झाकलेलीच राहिली.

या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा धडा इथं मिळाला. ऑन-इअर हेडफोनमध्ये बेस आणि बोचणं एकाच खात्यातून निघतात. ज्या दाबानं फट बुजते त्याच दाबानं कान दुखतो. म्हणून आवाज दहा मिनिटांत आणि आराम सवडीनं, अशी वेगवेगळी परीक्षा इथं घेता येत नाही. ज्या पकडीत माणूस तासभर निवांत बसू शकतो, त्या पकडीत जो आवाज येतो तोच त्या हेडफोनचा आवाज. दुसरा हेडफोन बेसच्या बाबतीत सरस नव्हताच, तो फक्त जास्त दाबत होता.

हे एकदा कळल्यावर प्रश्नच बदलला. "कुठल्याचा आवाज चांगला" हे विचारणं सोडून "सौम्य पकडीत फट कशी बुजवायची" याच्या मागं लागलो. पहिल्या हेडफोनवर तीन गोष्टी करून पाहिल्या. कप किंचित पुढं आणि खाली सरकवला, म्हणजे कुशनचा खालचा भाग कानाच्या पाळीवर नीट टेकला आणि कानाच्या नळीचं तोंड ड्रायव्हरच्या बरोबर समोर आलं. हेडफोन आधी आणि चष्मा नंतर घालून पाहिला, म्हणजे काडी कुशनच्या कडेवरून गेली, खालून नाही. यानं फरक पडला, पण मान हलवली की काडी सुटायची. तिसरी गोष्ट लागू पडली. वहिनींकडे कॉम्प्युटरवर बसताना लावायचा एक जुना चष्मा होता, बारीक तारेच्या काड्यांचा. रोजच्या चष्म्याची काडी जाड प्लास्टिकची आणि कानापाशी रुंद होत गेलेली. तारेच्या काडीवर पहिल्या हेडफोनचं मऊ कुशन गुंडाळल्यासारखं बसलं आणि डग्गा परत आला. दुसऱ्याइतका फुगलेला नाही, पण तबल्याच्या शेजारी जितका हवा तितका.

उरलेली कसर ॲपमधल्या इक्वलायझरनं, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीनं, काढली. खालच्या पट्ट्या थोड्याच वर केल्या. इथं एक सावधगिरी हवी. फट मोठी असताना इक्वलायझरनं बेस चढवत बसलं तर ड्रायव्हरला आणि ॲम्प्लिफायरला उगाच जास्त राबावं लागतं, मोठ्या आवाजात स्वर फाटायला लागतो आणि फटीतून जाणारा बेस शेवटी जातोच. आधी बसणं सुधारायचं, मग चवीपुरता इक्वलायझर.

याच सुमारास डाव्या-उजव्या बाजूचीही तपासणी केली. बोलण्याची मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, ध्वनिफीत लावली की आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. तिसऱ्या हेडफोनवर तो वहिनींना उजवीकडे झुकलेला वाटला. दोष कानाचा की हेडफोनचा? हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव डावीकडे गेला, म्हणजे दोष हेडफोनचा. झुकाव उजवीकडेच राहिला असता तर कान तपासून घ्यायला सांगितलं असतं. इतकी सोपी परीक्षा घरात कुणालाही करता येते आणि नवा हेडफोन परत करण्याची मुदत संपायच्या आत करावी.

मीटिंगमधला आवाज

पहिला हेडफोन ठरल्यातच जमा होता, तेवढ्यात वहिनींनी तक्रार केली. "भावोजी, मोबाईलवर गाणं छान वाजतं, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज अगदी फाटका येतो. मीटिंगच्या आधी लावलेलं गाणंसुद्धा तसंच होतं. हा परतच करूया."

या तक्रारीपायी कितीतरी चांगले हेडफोन परत जात असतील. दोष हेडफोनचा नसतो, ब्लूटूथच्या जुन्या रचनेचा असतो. गाणी ऐकताना ब्लूटूथ ए२डीपी नावाच्या पद्धतीनं चालतो: स्टिरिओ, चांगल्या दर्जाचा, पण एकेरी, लॅपटॉपकडून हेडफोनकडे. हेडफोनचा माइक वापरायचा म्हटलं की दुहेरी वाट लागते आणि जोडणी फोन कॉलसाठी बनलेल्या एचएफपी पद्धतीवर उतरते. तिथं आवाज मोनो होतो आणि बहुतेक हेडफोनमध्ये सेकंदाला आवाजाचे ८ हजार किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. नमुने जितके, त्याच्या निम्म्याच कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पोचतो, म्हणजे वरची मर्यादा ४ किंवा ८ किलोहर्ट्झ. स, श, फ यांतला फरक पुसट होतो, झांजेचा तर पत्ताच लागत नाही. मीटिंगच्या ॲपनं माइक उघडला की लॅपटॉपवरचा सगळाच आवाज या वाटेनं जातो, म्हणून मागं चाललेलं गाणंही फाटतं.

उपाय सेटिंगमध्ये आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक, असं वेगवेगळं निवडायचं. काही लॅपटॉपवर त्याच हेडफोनची दोन नावं दिसतात, एकापुढं हँड्स-फ्री असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते नाव टाळायचं. वहिनींचं बोलणं दोन्ही माइकवर ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवलं. लॅपटॉपचा माइक शांत खोलीत स्पष्ट सरस होता. हेडफोनचा माइक कपाच्या कडेला, तोंडापासून लांब, आणि वर एचएफपीची चाळणी. बसमध्ये किंवा चालताना फोन आला तर हेडफोनचाच माइक वापरावा लागतो, आणि तेवढ्यापुरता तो चालतो.

एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत, जी २०२० मध्ये जाहीर झाली, एलसी३ नावाच्या कोडेकमुळे (कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवायची आणि पुन्हा उलगडायची रीत) दोन्ही बाजूंनी चांगला आवाज एकाच वेळी जाऊ शकतो. पण ती हेडफोन आणि लॅपटॉप दोघांतही लागते. आत्ता परवडणाऱ्या वर्गात तिच्या आशेवर निवड करू नये.

कोडेकचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. प्रत्येक स्टिरिओ ब्लूटूथ हेडफोनला एसबीसी हे कोडेक यावंच लागतं; पूर्ण दर्जावर ते सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवतं. सोनीचं एलडॅक ९९० पर्यंत जातं, मात्र गर्दीच्या जागी जोडणी टिकवायला ते ३३० पर्यंतही उतरतं. या वर्गातल्या ऑन-इअर हेडफोनवर एसबीसी आणि एएसी या दोन कोडेकांत वहिनींना फरक कळला नाही, मलाही तो महत्त्वाचा वाटला नाही. काडीखालची फट याहून कितीतरी मोठा फरक करते.

एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय पहिल्यात होती आणि ती वहिनींना फार आवडली, पण तिचाही एक त्रास निघाला. मोबाईलवर गाणं चालू असताना लॅपटॉपवर ईमेलची टिंग वाजली की गाणं थांबायचं. लॅपटॉपच्या सूचनांचे आवाज बंद केले, त्रास संपला.

बस

इथं मात्र समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. ऑन-इअर कुशन बाहेरचे उंच स्वर थोडे अडवतं. इंजिनाची घरघर जवळजवळ जशीच्या तशी आत येते. ज्या फटीतून बेस बाहेर जातो त्याच फटीतून घरघर आत येते. वहिनी बसमध्ये गाणं लावायच्या आणि नकळत आवाज वाढवत जायच्या. घरी परतल्यावर तोच आवाज शांत खोलीत ऐकायला लावला तेव्हा त्यांनी दचकून हेडफोन काढला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी पातळी ८० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. आवाज ३ डेसिबलनं वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. बसमधल्या रोजच्या प्रवासात हे गणित फार लवकर बिघडू शकतं. शिवाय ऑन-इअरमधून आवाज बाहेरही सांडतो आणि शेजारच्याला ऐकू जातो. वहिनींच्या मोबाईलमध्ये हेडफोनच्या आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय होती, ती लावून दिली. त्या मर्यादेत बसमध्ये श्राव्य पुस्तकातले शब्द निसटतात. त्यांनी बसमध्ये ऐकणं सोडलं, फोन घेण्यापुरता हेडफोन ठेवला. ज्याचं मुख्य ऐकणं गोंगाटाच्या प्रवासातच होतं त्यानं ऑन-इअरच्या वाटेला जाऊ नये, असं मी म्हणेन.

टिकणं

चार्जिंगच्या बाबतीत एक बारीक गोष्ट तपासून घ्यावी. टाइप-सी खोबण आहे एवढ्यावर विसंबू नये. काही स्वस्त उपकरणांत त्या खोबणीच्या आत लागणारे ५.१ किलोओहमचे रोधक बसवलेले नसतात; मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनं चार्जर त्याला ओळखत नाही आणि वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनं तेच उपकरण नीट चार्ज होतं. तिसऱ्या हेडफोनमध्ये नेमकं हेच दिसलं. तो बंद पडलेला नव्हता, केबल बदलल्यावर चालला; पण लॅपटॉपच्या एकाच चार्जरवर सगळं भागवू पाहणाऱ्याला ते अडचणीचं आहे.

त्याहून महत्त्वाची कुशन. रेक्झिनला घाम, कातडीचं तेल आणि दमट हवा मानवत नाही. वरचा पापुद्रा सुटायला लागतो, काळे कण कानाला आणि केसांना चिकटतात, आणि फाटलेल्या कुशनातून हवा गळते, म्हणजे पुन्हा बेस जातो. बॅटरी शाबूत असताना कुशनापायी हेडफोन टाकून देणारे पुष्कळ भेटतात. म्हणून कुशन निघतं का, हे घेण्याआधी बघावं. पहिल्याचं कुशन कडेला नख घालून हलकेच ओढलं की खाचेतून निघतं आणि परत दाबलं की टक् असं बसतं. दुसऱ्याचं डिंकानं चिकटवलेलं होतं. ऐकून झाल्यावर कोरड्या मऊ फडक्यानं कुशन पुसलं आणि हेडफोन उन्हात, खिडकीशी ठेवला नाही तर कुशन आणि लिथियम-आयन बॅटरी दोन्ही जास्त टिकतात. उष्णता दोघांचीही वैरी.

कप आणि हेडबँड जिथं जोडलेले असतात तो काटा हाताळून पाहावा. कप पूर्ण खाली ओढून हळूच पिळल्यावर प्लास्टिक कुरकुरत असेल तर पुढं मागं तिथंच तडा जातो. पहिल्याचा काटाही प्लास्टिकचाच आहे. वहिनी आता दोन्ही हातांनी हेडफोन काढतात. एका हातानं एका बाजूनं ओढला की सगळा ताण त्याच काट्यावर येतो.

काय ठरलं

वहिनींनी पहिल्यासारखाच नवा हेडफोन घेतला. सोबत तारेच्या काड्यांचा चष्मा घरच्या कामासाठी कायम केला, आणि पुढचा नंबर बदलेल तेव्हा रोजच्या चष्म्यालाही बारीक काडी घ्यायची असं ठरलं. कुशनचा एक जादा जोड लगेच घेऊन ठेवायला मी आग्रहानं सांगितलं, कारण मॉडेल बंद झालं की नेमक्या मापाची कुशन मिळेनाशी होतात. फोमच्या तिसऱ्यावर माझा जीव होता हे लपवत नाही. शांत खोलीत, चष्म्यासकट, तंबोरा त्याच्यावरच सर्वांत खरा वाजला. पण वहिनींच्या घरात पंखा चालू असतो, मुलगा अभ्यास करत असतो आणि मीटिंगमधला समोरच्याचा आवाज त्या फोममधून खोलीभर पसरतो.

तो मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आता स्वतःलाही तसाच हवा म्हणतो. त्याच्या डोक्यावर घालून पाहिला. हेडबँड सर्वांत आखूड केला तरी कप कानाच्या खाली घसरतो आणि बेस अजिबात येत नाही, त्यामुळे तो आवाज वाढवायला धावतो. मुलांसाठी शिफारस ७५ डेसिबलची आहे, प्रौढांहून ५ नं कमी. त्याच्या मापाचा, आवाजाला आतूनच मर्यादा असलेला हेडफोन वेगळा पाहावा लागेल, आणि तोही त्याच्याच डोक्यावर घालून.